पार्कमधले बॉल घरात येतात, जाळी किती उंच लावायची?

खिडकीवाली

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबलचक होणार आहे, आधीच सॉरी.

आमचं घर पार्कच्या कंपाउंडला अगदी लागून. म्हणजे भिंत, मग आमची सहा-सात फुटांची मोकळी जागा, मग घर. इतकी वर्षं तिथे पोरं टेनिस बॉलने खेळायची, बॉल आला की "काकू बॉल द्या ना" व्हायचं, आम्ही टाकायचो, विषय संपला. यंदा मात्र आमच्या बाजूच्या कोपऱ्यात कोणीतरी माती टाकून रोलर फिरवून नवीन पिच केलंय आणि कॉलेजची मोठी मुलं सीझन बॉलने, म्हणजे क्रिकेटच्या चामड्याच्या कडक बॉलने, खेळायला लागलीत. चार महिन्यांत किचनच्या खिडकीची काच दोनदा गेली, गाडीच्या टपाला पोचा आलाय, आणि गच्चीवरच्या सोलर पॅनेलला कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा गेलाय, तो बॉलनेच गेलाय हे सिद्ध करता येणार नाही पण पॅनेलच्या खालीच बॉल पडलेला होता, आता काय समजायचं ते समजा.

हे सगळं चालवून घेतलं असतं एकवेळ. पण मागच्या रविवारी सासरे व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते आणि बॉल येऊन त्यांच्या खुर्चीशेजारच्या कुंडीवर आदळला. कुंडीचे दोन उभे तुकडे झाले आणि मधला मातीचा गोळा मुळांसकट तसाच उभा राहिला, जणू कोणी साच्यातून काढून ठेवलाय. सासऱ्यांनी पेपर खाली करून एवढंच विचारलं, "कॅच होता का?" मला मात्र रात्रभर झोप नाही, कुंडी आणि त्यांचं डोकं यात हातभराचं अंतर होतं.

मुलांशी भांडायचं नाहीये. माझाच मुलगा कधीकधी तिथे फिल्डिंगला उभा असतो. तर प्रश्न असे की आमच्या भिंतीवर जाळी लावायची तर किती उंच? कुठली? खिडक्यांना काय करायचं? आणि हे सगळं आम्हीच करायचं की पार्कवाल्यांनी? एका जाळीवाल्याने येऊन भिंतीकडे बघून "वीस फूट लावू, काम फत्ते" असं सांगितलं, पण त्याने पिचकडे एकदाही बघितलं नाही म्हणून शंका आली.

---

शून्यावर_बाद

सोप्पं आहे. आलेला बॉल परत द्यायचा नाही. पाच-सहा बॉल गेले की वर्गणी काढून काढून पोरं थकतात आणि आपोआप दुसरीकडे जातात. आमच्या लहानपणी शेजारच्या आजींनी हेच केलं होतं, त्यांच्याकडे पिंपभर बॉल होते.

(हलके घ्या)

---

मिडविकेट

@शून्यावर_बाद, हलकं घेतलं, पण हे खरंच करू नका कोणी. बॉल दिला नाही की पोरं भिंतीवरून उडी मारून स्वतः घ्यायला येतात, आणि मग तुमच्या आवारात पडून कोणाचा पाय मोडला की नवीन भानगड. बॉल परत द्या, पण देताना तारीख लिहून ठेवा. हे का ते कोणी वकील आला तर सांगेलच.

खिडकीवालीताई, मी पंधरा वर्षं अशाच पार्कांमधे खेळलोय आणि काचाही फोडल्यात, त्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतोय असं समजा. जाळीचं नंतर बघू, आधी एक सांगा. पिच तुमच्या भिंतीला समांतर आहे की भिंतीकडे तोंड करून आहे? आणि ही मुलं दोन्ही बाजूंनी बॅटिंग करतात की एकाच टोकाला स्टंप ठोकून एकाच बाजूने?

विचारायचं कारण असं की आपल्यासारखे शिकाऊ लोक उंच फटका मारतात तो बहुतेक वेळा लेगलाच जातो, म्हणजे राइटी बॅट्समनच्या डाव्या हाताच्या बाजूला. आडवी बॅट फिरवायची आणि मिडविकेटवरून उडवायचा, दुसरं येतंय कोणाला. ऑफला, म्हणजे उलट्या बाजूला, कव्हरवरून उंच आणि लांब मारणारा पार्कात एखादाच असतो. म्हणजे पिच भिंतीला समांतर असेल आणि राइटी बॅट्समनच्या लेगला तुमचं घर येत असेल तर तुम्ही आयत्या निशाण्यावर बसलाय. पण तोच बॅट्समन पिचच्या दुसऱ्या टोकाला उभा केला की त्याची लेग साइड उलटी होते आणि तुमचं घर ऑफला जातं. स्टंप उपटून बावीस यार्डांवर पलीकडे ठोकायचे, बास. एक पैसा खर्च नाही. लेफ्टी आला की अर्थातच सगळं उलटं, पण दहात एखादा लेफ्टी असतो, त्याला म्हणावं बाबा खाली ठेवून मार.

---

खिडकीवाली

@मिडविकेट समांतर आहे! आणि एकाच टोकाने खेळतात कारण त्या टोकामागे झाडाची सावली आहे, बाकीची टीम तिथे बसते. आमचं घर त्यांच्या लेगला येतं का ते मला कळत नाही, मुलाला विचारलं तर तो म्हणाला "आई आपलं किचन म्हणजे काउ कॉर्नर". आता किचनला हे नाव पडलंय घरात.

---

मिडविकेट

झालं तर मग. काउ कॉर्नर म्हणजे लाँगऑन आणि मिडविकेटच्या मधली जागा, आंधळा फटका जिथे जातो ती. सावलीचं काहीतरी बघा, सगळी भानगड त्या झाडामुळे आहे.

---

दोरी_आणि_खांब

खेळाच्या मैदानांच्या जाळ्या लावायचं काम बरीच वर्षं करतोय म्हणून थोडं सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर सोडून द्या.

मिडविकेट यांनी सांगितलं ते शंभर टक्के बरोबर आणि आमच्या धंद्याला मारक आहे :) पण टोक बदलूनही काही बॉल येणारच, तेव्हा उंचीचा हिशेब. तुमच्या जाळीवाल्याने पिचकडे न बघता वीस फूट सांगितले हे म्हणजे पेशंट न बघता गोळी देण्यासारखं झालं. जाळीची उंची भिंतीवरून ठरत नाही, बॅट्समनपासून भिंत किती लांब आहे त्यावरून ठरते.

समजा बॉल ताशी १०० किलोमीटरने, ४५ अंशात वर गेला. म्हणजे दणकून मारलेला सिक्स, पार्कातला चांगला हिटर मारतो असा. हवेचा अडथळा धरला नाही तर तो साधारण ७९ मीटरवर जमिनीला टेकतो आणि मधे, म्हणजे ३९-४० मीटरवर, सगळ्यात उंच असतो, जवळपास २० मीटर. म्हणजे सहा मजली बिल्डिंग. आता भिंत बॅट्समनपासून ४० मीटरवर असेल तर वीस फुटी जाळी काय कामाची? बॉल तिच्या तिप्पट उंचीवरून टाटा करत जाणार. तीच भिंत ६० मीटरवर असेल तर तिथे बॉल १४ मीटरवर आलेला असतो, ७० मीटरवर पावणेआठ मीटर आणि ७२ मीटरवर सहा मीटर, म्हणजे बरोबर तुमचे वीस फूट. शेवटच्या टप्प्यात बॉल इतक्या झपाट्याने खाली येतो की दहा मीटर मागे सरकलं तर निम्मी उंची वाचते. प्रत्यक्षात हवेमुळे बॉल याच्या आधीच पडतो आणि पडताना जास्त सरळ खाली येतो, त्यामुळे आकडे थोडे कमी होतात, पण अंदाज म्हणून हाच हिशेब धरायचा, चुकला तर सुरक्षित बाजूला चुकतो.

टेनिस बॉलचा एवढा त्रास का नव्हता तेही यातच आहे. टेनिस बॉल ५६ ते ५९ ग्रॅमचा, सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, आणि साइज जवळपास सारखीच. हवा दोघांना सारखंच ढकलते पण हलक्याला ते पावणेतीन पट लागतं, म्हणून टेनिस बॉल कितीही जोरात मारला तरी मधेच दम तोडतो.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे टेप घेऊन जा आणि बॅट्समन उभा राहतो तिथपासून तुमच्या भिंतीपर्यंत मोजा. मग बोलू.

बाकी जाळीबद्दल. भोक बॉलपेक्षा लहान हवं हे कोणीही सांगेल, सीझन बॉलचा व्यास सव्वासात सेंटिमीटरच्या आसपास, तर ४५ ते ५० मिलिमीटरचा चौकोन बरोबर. नुसता फुटबॉल असेल तर १०० ते १२० चालतं, गोल्फ असेल तर २५ च्या वर नको. पण गंमत इथे आहे की काही लोक चौकोनाची एक बाजू मोजतात आणि काही लोक भोक ताणून आडवं मोजतात, ताणून मोजलेला आकडा दुप्पट येतो. तेव्हा "५० ची जाळी" म्हटलं की कुठली ५० ते विचारा, आणि शक्य तर हातात बॉल घेऊनच जा आणि घालून बघा.

एचडीपीई (एक प्रकारचं प्लास्टिक) घेतली तर ती पाणी पीत नाही, नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की सैल पडतं, पण धक्का छान खातं. कुठलीही घ्या, उन्हात टिकणारी आहे का हे विचारून घ्या, नाहीतर दोनतीन वर्षांत हाताने तुटायला लागते. काळा रंग सहसा जास्त टिकतो.

आणि जाळी ताणून वीणेच्या तारेसारखी लावू नका. सगळ्यांना वाटतं की टाइट म्हणजे मजबूत, पण टाइट जाळीवर बॉल आपटला की तेवढ्याच जोरात उलटा येतो आणि सगळा झटका खांबावर आणि गाठींवर जातो. वरून स्टीलच्या वायरला टांगायची, मधे थोडी ढिली पडू द्यायची, खाली जमिनीला टेकून हातभर जास्तीची सोडायची. बॉल जाळीत शिरतो, पोट येतं, आणि तो मुकाट खाली पडतो. भिंतीला किंवा कंपाउंडला चिकटवूनही लावू नका, पोट यायला मागे जागा लागते.

खांबाबद्दल मात्र स्वतः डोकं चालवू नका. जाळीला भोकं असली तरी वारा ती धरतोच. उंची दुप्पट केली की वारा लागणारी जागा दुप्पट आणि वरून मिळणारी तरफही दुप्पट, म्हणजे खांबाच्या बुडाशी जोर चौपट. दहा फुटांचा खांब तुमच्या कंपाउंडच्या भिंतीला क्लॅम्प करून उभा राहील कदाचित, वीस फुटांचा केला तर पहिल्या वादळात भिंत घेऊनच आडवा होईल. त्याला स्वतंत्र फाउंडेशन पाहिजे आणि ते इंजिनियरने काढून दिलेलं पाहिजे. वादळाच्या दिवसांत जाळी खाली उतरवता येईल अशी कप्पी-दोरीची सोय करून घ्या. आणि कृपा करून त्यावर वेल चढवू नका, छान दिसतो आणि जाळीचं शीड होतं.

---

पानगळ

जाळीत पक्षी आणि वटवाघळं अडकतात त्याचंही बघा. बारीक दोऱ्याची सैल जाळी सगळ्यात वाईट. जाड दोऱ्याची, नजरेला दिसेल अशी घ्या आणि सकाळ-संध्याकाळ एक नजर टाकत जा. खेळ नसताना गुंडाळून ठेवता आली तर उत्तमच.

आणि झाडं लावा असं कोणीतरी सांगणारच आहे म्हणून आधीच लिहिते, झाडं जरूर लावा पण बॉल अडवायला म्हणून नको. दाट व्हायला वर्षं जातात आणि तोवर बॉल पानांतून आरपार येतो.

---

कलम_बहाद्दर

वकील आहे, पण हा सल्ला नाही, गप्पा समजा. कायदा जागोजागी वेगळा असतो, तुमच्या इथल्या वकिलाला विचाराच. पण या विषयावर इंग्लंडमधले तीन जुने खटले असे आहेत की त्यातून डोकं लगेच साफ होतं.

पहिला बोल्टन विरुद्ध स्टोन. १९४७ मधे मँचेस्टरजवळ एक बाई घराबाहेर रस्त्यावर उभ्या होत्या, क्लबच्या मैदानातून सिक्स आला आणि त्यांना लागला. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत, गेलं आणि १९५१ मधे बाई हरल्या. का? तर कुंपण बऱ्यापैकी उंच होतं, बॅट्समनपासून ७८ यार्डांवर होतं आणि तीसेक वर्षांत बॉल बाहेर गेला होता तो मोजून सहा ते दहा वेळा. इतकी लहान शक्यता धरून क्लबने खेळच बंद करावा असं कोर्ट म्हणालं नाही.

दुसरा त्याच्या आधीचा, १९२२ चा, गोल्फचा. रस्त्याला लागून टी (पहिला फटका मारायची जागा) होती, तिथून मारलेले बॉल वरचेवर रस्त्यावर जायचे, एका टॅक्सीची काच फुटली आणि ड्रायव्हरचा डोळा गेला. तिथे क्लब हरला.

दोन्हीत फरक एकच, किती वेळा. म्हणून मिडविकेट म्हणाले तसं वही ठेवा. तारीख, वेळ, कुठला बॉल, कुठे पडला, काय तुटलं, फोटो. "सारखे बॉल येतात" असं लिहिलेला अर्ज कोणी वाचत नाही, "चार महिन्यांत सव्वीस, त्यातले एकोणीस सीझन बॉल, त्यातले सोळा किचनच्या बाजूला" असं लिहिलं की समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसतो. (आकडे मी असेच लिहिलेत, तुम्ही तुमचे लिहा.) अर्ज लेखी द्या, पोच घ्या. पार्क ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना एकदा लेखी कळवलं की पुढच्या बॉलला "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणता येत नाही.

---

रोखठोक

एक कळत नाही. पार्क आधीपासून आहे ना? मग पार्काला लागून घर घेतानाच विचार करायचा. हवा, उजेड, हिरवळ फुकट पाहिजे आणि बॉल मात्र नको. पोरांनी खेळायचं कुठे, मोबाइलवर?

---

कलम_बहाद्दर

@रोखठोक, हेच इंग्लंडचे गाजलेले न्यायाधीश लॉर्ड डेनिंग म्हणाले होते :) तिसरा खटला तोच, मिलर विरुद्ध जॅक्सन, १९७७. डरहम काउंटीमधलं गावातलं मैदान, १९०५ पासून तिथे क्रिकेट चाललेलं, १९७२ च्या सुमारास अगदी कडेला घरं झाली आणि बॉल घरांवर पडायला लागले. क्लबने कुंपण वाढवून जवळपास १५ फूट केलं, त्याच्या वर नेणं वाऱ्यामुळे जमेना (दोरी_आणि_खांब, बघा तुमचा मुद्दा), काचा बदलून देतो म्हणाले, बागेवर जाळी टाकून देतो म्हणाले, घरवाल्यांना ते मान्य नव्हतं. डेनिंगसाहेबांनी गावातल्या क्रिकेटची वारेमाप स्तुती करून घरवाल्यांनाच सुनावलं.

पण लोक इथेच वाचायचं थांबवतात. बाकीच्या दोन न्यायाधीशांनी "मैदान आधीचं होतं" एवढ्याने क्लबला सोडलं नाही, त्यांनी क्लबला जबाबदार धरलं. खेळ बंद करायचा हुकूम मात्र नाही मिळाला, कारण तिघांपैकी दोघे त्याच्या विरोधात होते, आणि नुकसानभरपाई म्हणून ४०० पाउंड ठरले. म्हणजे खेळ चालू राहील पण नुकसान भरा. मला विचाराल तर याच्याइतका समंजस निकाल कमी बघितलाय, जरी प्रत्येक न्यायाधीशाचं कारण वेगळं होतं.

शिवाय इथे तर पिच यंदाचं आहे आणि घर जुनं. तेव्हा "आधी कोण" हा मुद्दा ताईंच्याच बाजूने जातो.

---

रोखठोक

पिच यंदाचं आहे हे वाचलं नव्हतं. मागे घेतो. पण मोबाइलचा मुद्दा कायम.

---

तिसरा_मजला

आम्ही पार्कशेजारी भाड्याने होतो तेव्हाचा अनुभव, फक्त खिडक्यांपुरता.

पहिली काच फुटली तेव्हा साधी काचच परत लावली, ही चूक. दुसऱ्यांदा टफन्ड लावली. ती साध्यापेक्षा चार-पाच पट मजबूत असते आणि फुटली तरी बारीक बारीक खडे होतात, सुरे होत नाहीत. पण फुटली की पूर्णच्या पूर्ण खाली येते, खिडकी उघडीबोडकी, आणि मागून दुसरा बॉल आला तर थेट घरात. लॅमिनेटेड घ्या असं आता सांगेन, दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा पातळ थर असतो, गाडीच्या पुढच्या काचेसारखी. तडा जातो पण काच जागेवर चिकटून राहते. आत कोणी उभं असेल तर हाच फरक महत्त्वाचा.

काच बदलायची नसेल तर आतून चिकटवायची सेफ्टी फिल्म मिळते. फिल्मने काच फुटायची थांबत नाही हे नीट लक्षात घ्या, फक्त तुकडे उडत नाहीत. आम्ही ती मुलाच्या पलंगाशेजारच्या खिडकीला लावली होती.

आणि सगळ्यात कामी आलं ते सगळ्यात साधं, खिडकीच्या बाहेरून जाड तारेच्या जाळीची चौकट. फक्त ती काचेला चिकटून नको. आमच्या कारागिराने पहिल्यांदा काचेपासून बोटभर अंतरावर बसवली, बॉल लागला, जाळी आत दबली आणि जाळीनेच काच फोडली. मग वीतभर पुढे काढून बसवली, त्यानंतर एकही गेली नाही. बिजागरीवर लावा म्हणजे काच पुसता येते, आणि ज्या खोलीतून आगीबिगीच्या वेळी बाहेर पडायला लागू शकतं तिथे आतून उघडेल अशीच पाहिजे.

---

वॅट_आहे_भाऊ

सोलरवाला आहे म्हणून पॅनेलवर बोलतो. लोकांना सांगितलेलं असतं की पॅनेल गारांना टिकतं, मग बॉलने कसं गेलं? तर गारांच्या टेस्टमधे साधारण २५ मिलिमीटरचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटरच्या वेगाने मारतात. त्यातली ऊर्जा होते कशीबशी २ जूल. ताशी १०० ने सुटलेला सीझन बॉल म्हणजे ६० जूलच्या वर, पोचेपर्यंत निम्मी जरी उरली तरी पंधरापट. पॅनेलचा काही दोष नाही हो.

तडा गेलेलं पॅनेल मात्र "चालतंय की अजून" म्हणून ठेवू नका. आत पाणी शिरतं, शॉक बसायचा आणि जळायचा धोका असतो. हात न लावता बंद करून बदलून घ्या, आणि काढायच्या आधी फोटो काढा बॉलसकट, वहीसाठी. वर तारेची जाळी टाकायचा विचार असेल तर सावली पडून वीज कमी होते, त्यापेक्षा बॉलच येणार नाही असं बघा.

---

खिडकीवाली

सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. आज सकाळी टेप घेऊन गेले. आमच्याकडे शिवणकामाची दीड मीटरची आणि सुताराची पाच मीटरची, एवढ्याच. मी वाकून वाकून मोजत होते तर मुलं खेळ थांबवून बघत राहिली आणि मग त्यातला एक उंच मुलगा येऊन म्हणाला "काकू, दुसरं टोक मी धरतो", शेवटी तिघांनी मिळून मोजलं. बॅट्समनपासून भिंत ४२ मीटर.

---

दोरी_आणि_खांब

४२ म्हणजे बॉल नेमका सगळ्यात उंच असतो तिथेच तुमची भिंत. साडेएकोणीस मीटर. खरं सांगतो, या अंतरावर भिंतीवर उभी जाळी विकणारा माणूस तुम्हाला फसवतोय किंवा त्याला स्वतःला कळत नाहीये. वीस फुटांत सरळसोट खालून येणारे अडतील, उंच उडालेले नाही, आणि कुंडीवर आलेला उंच उडालेलाच होता ना? तो वरून खाली पडला असणार.

पार्कवाल्यांना लेखी मागा की पिच तीस मीटर पलीकडे सरकवा. मग ७२ होतात आणि वीस फुटी जाळीला अर्थ येतो, ती पार्काच्या हद्दीत, त्यांच्या खांबांवर. त्यांच्याकडे तेवढी जागा आहे का?

---

खिडकीवाली

जागा आहे. पलीकडे नुसतं गवत आहे, कोणी फिरकत नाही. पिच इथे का केलं विचारलं तर तो उंच मुलगा म्हणाला पाण्याचा नळ इकडे आहे म्हणून, पिचवर पाणी मारायला बरं. म्हणजे एक नळ आणि एक झाड!

बाकी वही आजपासून चालू केली. खिडक्यांना वीतभर पुढे जाळीच्या चौकटी करायला टाकते, किचनची काच लॅमिनेटेड, पॅनेल बंद केलंय. व्हरांड्यावर काहीतरी छप्पर घालावं म्हटलं तर सासरे नाही म्हणतात, उजेड जातो म्हणे, तात्पुरती खुर्ची घराच्या दुसऱ्या बाजूला हलवलीय आणि ते रागावलेत कारण तिथून मॅच दिसत नाही. अर्ज उद्या देते, मुलांनी पण खाली सह्या करतो म्हणून सांगितलंय, लांब पाइप मिळाला तर पिच सरकवायला त्यांची ना नाही.

---

मिडविकेट

वा! आणि पिच सरकेपर्यंत टोक बदललं का?

---

खिडकीवाली

बदललं. आज संध्याकाळपासून पलीकडच्या टोकाने खेळतायत, सावलीसाठी आमची जुनी मोठी छत्री दिलीय बांधायला. दोन तासांत एकच बॉल आला, तोही टप्पा पडून. लेफ्टीने मारला.

---

शून्यावर_बाद

तो बॉल परत दिलात?

---

खिडकीवाली

दिला. वहीत पहिली नोंद तीच आहे. सोबत गच्चीच्या पन्हाळीत अडकलेले जुने चार सापडले ते पण दिले, त्यातला एक माझ्याच मुलाचा निघाला.